कन्नडच्या घाटात गाडी घुर्र करायची, शेवटी गियरचं गणित बसलं

ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन घेतली, १ लिटर टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) पेट्रोल, ६ गियरची मॅन्युअल. आधीची पंधरा वर्षं डिझेल चालवलेली त्यामुळं सवय एकच, लवकर वरचा गियर टाकायचा म्हणजे इंधन वाचतं. चाळीसगावहून संभाजीनगरला येताना कन्नडच्या घाटात चौथ्यात १३०० आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पाय दाबला की गाडी नुसती थरथरायली, चढायलीच नाही. मला वाटलं इंजिनातच बिघाड हाय.

मेकॅनिकभाऊ शेजारी बसून आले अन् म्हणले, दादा गाडी ठणठणीत हाय, तुम्ही तिला दमवायलात.

कारण असंय की हिचा पूर्ण टॉर्क म्हणजे ओढायची ताकद, १७२ न्यूटन मीटर, १५०० ते ४००० मधी मिळतो अन् त्याच्या खाली टर्बोचं प्रेशरच नीट बनत नाही, वरून कमी आरपीएमला मोठ्या गियरमधी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की नॉकिंग (इंधन अवेळी पेटून ठोके बसणं) होऊन पिस्टनला मार बसू शकतो, हे लई महत्त्वाचं.

आता शहरात २२०० च्या आसपास गियर बदलतो, म्हणजे वरच्या गियरमधी पुढचा गियर पडला तरी आरपीएमचा काटा १५०० च्या आसपास राहतो. घाटात वळणाच्या आधीच तिसरा, काटा ३००० च्या जवळ. ओव्हरटेकला पाचव्यातून थेट तिसऱ्यात, क्लच सोडताना अ‍ॅक्सिलरेटरला हलका टच, झटका बसत नाही. पॉवर ६००० ला सगळ्यात जास्त, पण रोज तिथवर ताणायची गरज नाही, अन् सकाळी थंड इंजिनवर तर बिलकुल नाही. परवा सहा माणसांचं सामान भरून तोच घाट चढलो, एकदाही थरथरली नाही.