बेने इस्राएली घरांतले जुने फोटो : या चुका टाळा

अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंडा भागातल्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, घरांमधले जुने फोटो स्कॅन करायचा उत्साह हल्ली बऱ्याच जणांना चढतो. चढू दे. पण निस्तरायला मला बोलावतात आणि चुका दर वेळी त्याच असतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात राग येतो तो काचेला चिकटलेला फोटो ओढून काढणाऱ्यांचा. आपली हवा दमट. फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची पट्टी नसेल तर काही पावसाळ्यांत फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेलाच बसतो. हा शहाणपणा मीही केलाय. इस्राएल आळीतल्या एका घरात लग्नाचा फोटो होता, नवरी नऊवारीत. मी कडेनं हळूच ब्लेड घातलं. फोटो सुटला, नवरीचा चेहरा मात्र काचेवर राहिला. घरातल्या मावशी काही बोलल्या नाहीत, चहा टाकायला आत गेल्या. तेव्हापासून चिकटलेल्या काचेला मी हात लावत नाही. चौकट काढून काचेसकटच स्कॅनरवर पालथा घालतो. काच तडकलेली असेल तर कडेच्या उजेडात ठेवून, चमक येऊ नये म्हणून समोर काळं कापड धरून, कॅमेऱ्यानं टिपतो.

दुसरा घोळ नावांचा. फाइलचं नाव ‘आजी’. कुणाची आजी? १९४८ नंतर यातली बरीच कुटुंबं इस्राएलमधल्या लोद, रामला, बीरशेबा, दिमोनाला गेली, तिथल्या पणतीला काय बोध होणार? त्यात एकाच माणसाची दोन नावं. मुंबईतली पहिली मशीद (हो, सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराला, इथे मशीदच म्हणतात) १७९६ साली बांधणारे सामुएल यहेज्केल दिवेकर कागदोपत्री सामाजी हसाजीही असतात. म्हणून मी दोन्ही नावं लिहितो, शिवाय आडनावातलं गाव : किहीमकर तर किहीम, झिराडकर तर झिराड.

आणि नऊवारी, पागोटं दिसलं की ‘हे शेजारचे असतील’ म्हणून फोटो वेगळा काढायची घाई कशाला? एका घरात असा ‘इतर’ लिहिलेला लिफाफा निघाला. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईंनी पहिलाच फोटो उचलला आणि म्हणाल्या, “अरे, ही माझी आई!” पोह्या-खोबऱ्याचं आणि फळांचं ताट बघून खाली ‘पूजा’ लिहू नका. ती एलियाहू हन्नबीच्या (प्रेषित एलियाच्या) नावानं केलेली मलिदा, म्हणजे बेने इस्राएलींचा प्रार्थनेसह प्रसादाचा विधी, असू शकते. आधी विचारा.

बाकीचं थोडक्यात. लॅमिनेशन नको, कधीच नको. मागे बॉलपेननं लिहू नका, पुढच्या बाजूला वळ उठतो. मऊ पेन्सिल घ्या, तीही कडेला. अल्बमच्या चिकट पानावरून फोटो सुटत नसेल तर अख्खं पान स्कॅन करा. रिझोल्यूशन ६०० डीपीआय, मूळ फाइल टिफमध्ये. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो म्हणजे मूळ प्रत नव्हे, हे मी सांगून थकलो. रंग भरणारी ॲप्स मजेपुरती ठीक, पण तसा फोटो मूळ म्हणून पुढे पाठवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, उठून जातो.

निगेटिव्ह उलटी छापली गेली का, हे फोटोतल्या पाटीवरच्या हिब्रू अक्षरांवरून कळतं. हिब्रू वाचणारं कुणी शोधा. पाटीवर हिब्रू वर्ष असेल तर इसवी सनासाठी ३७६० वजा करा. त्यांच्या नववर्षापासून (सप्टेंबर-ऑक्टोबर) डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना ३७६१.

आणि शनिवारी स्कॅनर घेऊन कुणाच्या दारात उभे राहू नका. सगळं कोकण ज्यांना शनवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली) म्हणायचं, त्यांच्याकडे शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, यंत्र लावायला जायचं म्हणजे कमाल झाली. रविवारी जा आणि दुपारपर्यंतचा वेळ मोकळा ठेवा, कारण कपाटातला खरा अल्बम पहिल्या तासात बाहेर येत नाही.