बाटलीच्या रूपावर भुलू नका : वाईन घेताना या चुका टाळा

टीव्हीवर दारूची जाहिरात करायला केबल टीव्हीच्या नियमांनुसार बंदी आहे. त्यामुळे वाईन कंपनीला गिऱ्हाइकाशी जे बोलायचं, ते बरंचसं बाटलीकडूनच बोलून घ्यावं लागतं. काचेचा रंग, लेबल, झाकण, हातात जाणवणारं वजन, सगळं विचार करून ठरवलेलं असतं. आपल्या खान्देशात घरात वाईन बघत मोठी झालेली पोरं विरळाच. जळगाव-धुळ्याच्या दुकानात पहिल्यांदा बाटली मागणाऱ्याला चव ठाऊक नसते, मग तो रूपावर निवड करतो आणि तिथेच फसतो. (वाईनसाठी राज्यात वय २१ पूर्ण लागतं. त्याहून लहान असाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.)

कॅन म्हणजे कोल्ड्रिंक नव्हे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वाईनचा भडक रंगाचा कॅन, वर फळाचं चित्र, फ्रीजमधून काढलेला थंडगार. मळ्यातल्या पार्टीत उन्हातून आलेला पोरगा तो तहान भागवायला घटाघटा पितो. आता जरा हिशेब करा. २५० मि.ली. कॅनवर १२ टक्के लिहिलं असेल तर आत ३० मि.ली. शुद्ध अल्कोहोल आहे. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मि.ली. पेगमध्ये ते जेमतेम १३ मि.ली. असतं. म्हणजे एक कॅन संपवला की दोन पेगांहून जास्त पोटात गेलं, तेही पाच मिनिटांत. चव गोडसर असली की हे लक्षातही येत नाही.

उपाय साधा आहे. तहान पाण्याने भागवा. कॅन उघडण्याआधी टक्के आणि मि.ली. हे दोन आकडे बघा. कॅन तोंडाला न लावता ग्लासात ओतून घ्या, म्हणजे किती चाललंय ते डोळ्यांना दिसतं. आणि त्यानंतर गाडीला हात लावू नका.

द्राक्षाचा घोस छापलाय म्हणून वाईन ‘तब्येतीला चांगली’ हा समजही याच चित्रांनी पसरवला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार दारूच्या लेबलावर आरोग्याचा दावा करता येत नाही, उलट इशारा छापावाच लागतो. तो इशारा वाईनवरही असतो. मागची बाजू वाचा.

जड बाटली, भारी वाईन?

जाड काच आणि खोल बुडाची बाटली हातात घेतली की आतला मालही उंची वाटतो. त्या काचेचे पैसे मात्र तुम्हीच भरता. डोळे नाकाला किती फसवतात याचा दाखला २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधल्या बोर्दोच्या प्रयोगात मिळतो. वाईन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाईनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला, तर त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. शिकलेल्यांची ही गत, तर नवख्याने सोनेरी अक्षरांवर किती विसंबावं?

फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, हेही खरं नाही. लवकर प्यायच्या वाईनला ते बुचाइतकंच चांगलं, आणि बुचामुळे कधीकधी येणारा कुबट वास त्यात येत नाही.

पारदर्शक बाटली आणि आपलं ऊन

गुलाबी वाईन पारदर्शक काचेत भरतात, कारण तिचा रंगच गिऱ्हाईक ओढतो. फोटोही छान येतो. पण गडद काच जो उजेड अडवते, तो पारदर्शक काच आत सोडते, आणि उजेड खाल्लेल्या वाईनला शिजलेल्या कोबीसारखा वास मारतो. त्यात मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ वर. दर्शनी फळीवर उन्हात उभी असलेली सुंदर बाटली बिघडलेली असू शकते.

घेण्याआधी बाटली हातात फिरवून बघा. बूच वर सरकलंय का, झाकणाखाली चिकट ओघळ आहे का, पांढरी वाईन तपकिरीकडे झुकलीय का? यातलं काही दिसलं तर ती ठेवून द्या आणि आतल्या खोलीतली, खोक्यातली बाटली मागा. सवलत मिळते म्हणून उन्हातली घेऊ नका. घेतल्यावर ती गाडीच्या डिक्कीत तासन् तास ठेवू नका.

लेबलावरचं जेवण आणि आपलं जेवण

मागच्या बाजूला पास्ता, चीज असं काही लिहिलेलं असतं. तुमच्या ताटात मात्र लालभडक शेवभाजी असते. तुरट लाल वाईन तिखटाबरोबर जास्तच जाळते. भरीत किंवा शेवभाजीसोबत घ्यायचीच तर थंड, किंचित गोडसर पांढरी मागा.

आणि सुरतची गाडी

नंदुरबारकडून सुरत-उधन्याला नातेवाइकांकडे जाणारे खूप. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, आणि गुजरातेत दारूबंदी. कॅन बॅगेत कोल्ड्रिंकसारखा दिसला तरी कायद्याला ती दारूच, परवान्याशिवाय सापडलात तर गुन्हा दाखल होतो. भेट न्यायचीच तर केळीचे वेफर्स न्या.