रिफंडची मेल आली? आधी पत्ता वाचा

आयकर रिटर्नच भरलेला नसताना ‘रिफंड मंजूर’ अशी मेल आली, तर खुशाल हसा; लिंकला मात्र हात लावू नका. पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही ठेवतं. त्यावर टिचकी मारून पूर्ण पत्ता उघडा आणि शेवटाकडून वाचा. सरकारी पत्त्यातल्या ‘गव्ह डॉट इन’नंतर ‘डॉट कॉम’ चिकटलं असेल, तर मेल बनावटच. पत्ता हुबेहूब दिसला तरी तो नकली असू शकतो, म्हणून आयकर पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून तिथेच रिफंड तपासा. तो पोर्टलवर पडताळलेल्या बँक खात्यातच जमा होतो. मग त्यासाठी कार्ड नंबर, सीव्हीव्ही (कार्डावरचा गुप्त कोड), पिन कशाला हवेत? माहिती देऊन बसलात, तर आधी बँकेकडून कार्ड बंद करून घ्या, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मेल पुरावा म्हणून ठेवा, डिलीट करू नका.