घरातलं मांजर बाहेर निसटलं तर: शोध कुठून सुरू करायचा

कुरिअरवाल्याकडून पार्सल घेताना पायातून सटकलं. सुताराने खिडकीची जाळी काढून ठेवली होती. दिवाळीत खाली सुतळी बॉम्ब फुटला आणि गॅलरीतून शेजारच्या छज्जावर उडी गेली. कारण काहीही असो, कधीच बाहेर न पडलेलं मांजर दिसेनासं झालं की घरचे सगळे चपला सरकवून रस्त्यावर धावतात. नाक्यापर्यंत, बागेपर्यंत, पलीकडच्या सोसायटीपर्यंत हाका मारून येतात. तेवढ्या वेळात मांजर बहुतेक वेळा खालच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीखाली अंग चोरून बसलेलं असतं. ते हाका ऐकतं, पण ओ देत नाही.

शोधाची सगळी आखणी या एका गोष्टीवर अवलंबून आहे. बाहेरची सवय असलेला बोका दोन-दोन दिवस भटकून येतो, त्याचं गणित वेगळं. घरकोंबडं मांजर अनोळखी जागी आलं की जवळात जवळचा अंधारा कोपरा गाठतं आणि गप्प बसतं. आवाज केला तर शत्रूला ठिकाणा कळेल, हे त्याच्या रक्तातच आहे. म्हणून मालकाच्या हाकेलाही ते उत्तर देत नाही. त्यात रुसवा नसतो आणि ते तुम्हाला विसरलेलंही नसतं. हरवलेल्या मांजरांच्या १,२१० मालकांची एक पाहणी २०१८ साली ‘ॲनिमल्स’ या संशोधन नियतकालिकात आली होती. त्यात फक्त घरात राहणाऱ्या मांजरांपैकी पाऊण हिस्सा निसटल्या जागेपासून १३७ मीटरच्या आत सापडला. म्हणजे तुमची इमारत आणि आजूबाजूच्या दोन-तीन इमारती. पाहणी परदेशातली आहे, पण मांजराची भीती सगळीकडे सारखीच.

आधी घर, पण एकानेच

मांजर खरंच बाहेर गेलं का, याची खात्री करा. दिवाणाचा खण, कपाटातल्या रजया, माळा, वॉशिंग मशीनचा ड्रम, फ्रिजच्या मागची फट, सोफ्याच्या खालचं फाटकं अस्तर. बरीच ‘हरवलेली’ मांजरं या अस्तरातच निघतात. हे काम घरातल्या एका माणसाने करावं. बाकीच्यांनी त्याच वेळी जिना धरावा, कारण पहिला तास सर्वांत मोलाचा असतो. एवढ्या वेळात मांजर सहसा लांब गेलेलं नसतं.

मग जिना, आणि प्रत्येक मजला

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. इमारतीतले सगळे मजले मांजराला एकसारखेच दिसतात. तेच दार, तोच चपलांचा स्टँड, तीच तुळशीची कुंडी. तिसऱ्या मजल्यावरचं मांजर घाबरून खाली पळतं, परत वर यायला निघतं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच बाजूच्या दारापाशी येऊन बसतं. ते दार उघडं मिळालं तर सरळ आत, तेही पलंगाखाली. त्या घरातल्या लोकांना दोन दिवस पत्ता लागत नाही. म्हणून आपल्या वरच्या आणि खालच्या घरांची बेल पहिली वाजवा. ‘मांजर दिसलं का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘नाही’ असंच येतं. ‘काकू, जरा पलंगाखाली बघू का?’ असं विचारा.

त्यानंतर वरपासून खालपर्यंत एकेक जागा: गच्ची, पाण्याच्या टाकीची मागची बाजू, लिफ्टची मशीन रूम, फायर होजची पेटी, मीटर रूम, पंप रूम. गच्ची तपासून झाली की तिचं दार वॉचमनकडून बंद करून घ्या, म्हणजे तो भाग शोधातून वगळता येतो.

डक्टसाठी वेगळा वेळ ठेवा. बाथरूमच्या खिडक्या ज्या अरुंद पोकळीत उघडतात, ती. तिथे पाइपांच्या बेचक्यात, एसीच्या आउटडोअर युनिटच्या मागे किंवा एखाद्या मजल्याच्या छज्जावर मांजर अडकून बसतं. वरून बघितलं तर दिसत नाही आणि खालून बघितलं तर फक्त कबुतरांची घाण दिसते. प्रत्येक मजल्यावरच्या बाथरूमच्या खिडकीतून मोबाइल बाहेर धरून वर-खाली व्हिडिओ काढा आणि मग शांतपणे मोठा करून बघा. मांजर दिसलं आणि हात पोचत नसेल, तर स्वतः पाइपवर चढू नका. १०१ वर फोन करा. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अडकलेल्या पक्ष्या-प्राण्यांसाठी अग्निशमन दलाचे जवान येतात.

पार्किंग: गुडघ्यांवर बसून

उभ्या माणसाला मांजर दिसत नाही. जमिनीला गाल लावून गाड्यांच्या खाली बघावं लागतं. चाकाच्या वरच्या कमानीत, स्कूटरच्या फूटबोर्डच्या मागे, कव्हर घातलेल्या आणि महिनोन्‌महिने न हललेल्या गाडीच्या आत बघा. पावसाळ्यात आणि थंडीत मांजरं बॉनेटमध्ये इंजिनाजवळ शिरतात. सोसायटीच्या ग्रूपवर पहिला मेसेज हाच टाका: ‘सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा.’ फोटो वगैरे नंतर.

टॉर्च दिवसाही लागतो आणि तो डोळ्यांच्या रेषेत, कानशिलाजवळ धरायचा. मांजराच्या डोळ्यांच्या मागे प्रकाश परतवणारा एक थर असतो. तुमची नजर आणि टॉर्चचा झोत एकाच रेषेत असेल तरच ती चकाकी तुमच्याकडे परत येते. टॉर्च कमरेपाशी धरला तर तेच मांजर नजरेतून निसटतं. अंधारात दोन हिरवट-पिवळ्या टिकल्या चमकल्या की लगेच पुढे जाऊ नका. झोत थोडा बाजूला घ्या आणि आधी ते मांजर आपलंच आहे का ते बघा.

दिवसा गर्दी असते म्हणून मांजर हलत नाही. खरा शोध रात्री एकनंतर, पहाटे चारच्या आसपासपर्यंत, वाहनांचा आणि कुत्र्यांचा गोंगाट बसलेला असताना. दोघेच जा. वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर चोर म्हणून तुमचीच चौकशी होईल. थोडं चाला, मग दहा मिनिटं एका जागी बसून फक्त ऐका. हाक मारायची तर रोज जेवण देताना ज्या सुरात मारता त्याच सुरात, हळू. मांजर घरी खाऊच्या डब्याचा खळखळाट ऐकून धावत येत असेल तर तो डबा सोबत न्या. नावाने ओरडत सगळी सोसायटी फिरणं हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण घाबरलेल्या जिवाला तुमच्या आवाजातली घाईही कळते.

कुणाला सांगायचं

सोसायटीचा ग्रूप ठीक आहे, पण खरी माहिती तिथे नसते. पहाटे उठून काम करणाऱ्या माणसांकडे ती असते: दूधवाला, पेपरवाला, कचरा नेणाऱ्या मावशी, रात्रपाळीचा वॉचमन, गाड्या पुसणारी मुलं. आणि सर्वांत महत्त्वाच्या म्हणजे परिसरातल्या भटक्या मांजरांना खायला घालणाऱ्या ताई-काकू. त्यांना आपल्या गल्लीतली प्रत्येक मनी आणि प्रत्येक बोका तोंडपाठ असतो, नवीन चेहरा आला की त्याच दिवशी कळतो. त्यांना फोटो द्या, नंबर द्या आणि त्या कुठे नि किती वाजता खाणं ठेवतात ते विचारून घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भूक भीतीपेक्षा मोठी होते आणि मांजर त्याच ताटलीपाशी येण्याची शक्यता असते.

जवळच्या पशुवैद्यांकडे आणि प्राण्यांच्या रुग्णालयात फोन करून ठेवा. मुंबईत असाल तर परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयातही विचारा, कारण जखमी मांजर दिसलं की लोक तिथे घेऊन जातात. मायक्रोचिप असेल तर तिचा १५ आकडी क्रमांक कळवा. बऱ्याच जणांना वाटतं तसं चिपवरून मांजर मोबाइलवर दिसत नाही. ती फक्त स्कॅनर लावल्यावर ओळख सांगते.

पत्रक

करडं पट्टेरी देशी मांजर म्हणजे गल्लीतली निम्मी मांजरं. त्यामुळे पत्रकावर रंगापेक्षा खूण मोठी लिहा: शेपटीचं टोक वाकडं, डाव्या पंजावर पांढरा मोजा. पूर्ण अंग दिसेल असा एकच फोटो, मोठ्या अक्षरात ‘मांजर हरवलं आहे’, भागाचं नाव, मोबाइल नंबर. ‘पकडायला जाऊ नका, फोटो काढून लगेच फोन करा’ ही ओळ विसरू नका. उत्साही मुलं पाठलाग करतात आणि कोपऱ्यावर बसलेलं मांजर रस्त्यापलीकडे जातं.

एक खूण मात्र पत्रकावर लिहू नका, ती स्वतःजवळ ठेवा. बक्षीस लिहिलंत तर ‘मांजर सापडलंय, आधी गूगल पेवर पाचशे पाठवा’ असे फोन येतात. त्यांना ती खूण विचारा किंवा व्हिडिओ कॉल करायला सांगा. मांजर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

वास आणि पिंजरा

मांजर ज्यात शी-शू करतं ती मातीची पेटी (लिटर बॉक्स) बाहेर ठेवा, मैलभरावरून वास घेऊन येईल, असा सल्ला हमखास मिळतो. मी तो देणार नाही. त्या वासाने आसपासचे दांडगे बोके येतात, जागेवर आपली खूण करून जातात, आणि तुमचं भेदरलेलं मांजर तिथून लांब राहतं. त्यापेक्षा तुम्ही रात्री अंगाखाली घेतलेली न धुतलेली चादर ज्या बाजूने ते निसटलं तिथे आडोशाला ठेवा.

खाणं उग्र वासाचं हवं. सुके बोंबील तव्यावर नुसते परतले तरी पूर्ण जिन्याला कळतं, शेजाऱ्यांच्या नाकांची आधीच माफी मागा. शाकाहारी सोसायटी असेल तर विस्कास किंवा मिओचं ओलं पाकीट निमूटपणे वापरा. ताट भरून ठेवू नका, भटकी मांजरं फस्त करतील. चमचाभर ठेवा आणि लांबून नजर ठेवा.

मांजर एखाद्या ठिकाणी दिसतंय पण जवळ येत नाही, अशी अवस्था आली की पिंजरा लावायचा. निर्बीजीकरणासाठी मांजरं पकडणाऱ्या संस्थांकडे आपोआप दार पडणारे पिंजरे असतात, अनामत ठेवून काही जण देतात. तळाला वर्तमानपत्र घाला, म्हणजे पायाला गज टोचत नाहीत. वरून जुनं कापड टाका. खाणं अगदी आतल्या टोकाला ठेवा आणि दारापासून तिथपर्यंत दोन-तीन कण सांडा. पिंजरा लावून घरी झोपायला जायचं नाही. अर्ध्या-पाऊण तासाने बघत राहा, कारण आत दुसरंच मांजर असू शकतं. ते असलं तर सोडा आणि पुन्हा लावा. पाऊस असेल तर छपराखालीच.

दिसल्यावर

धावू नका. नाव घेऊन आनंदाने ओरडू नका. तिथेच, जरा तिरकं, खाली बसा. डोळे रोखून बघू नका, अर्धवट मिटा. खाऊ आधी त्याच्या जवळ, मग हळूहळू आपल्याकडे टाका. याला अर्धा तासही लागतो. हाताच्या अंतरात आलं तरी एक हात पुढे करून झडप घालू नका, ती चुकली तर पुन्हा ते तुम्हाला इतकं जवळ येऊ देणार नाही. कॅरियर उघडं ठेवून आत खाऊ टाकणं उत्तम. नाहीतर मोठा टॉवेल वरून टाकून सगळं मांजर गुंडाळून उचला, पाय आत राहतील असं.

आपल्याच मांजराने घाबरून बोचकारलं किंवा चावलं तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बाहेर त्याला कोण चावलं असेल हे तुम्हाला माहीत नसतं, आणि रेबीजची लस उशिरा घेण्यात काही शहाणपण नाही.

घरी आल्यावर

आधी पाणी, मग थोडंसं खाणं, एकदम वाटीभर नाही. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त उपाशी राहिलेलं मांजर, विशेषतः गुबगुबीत असेल तर, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. उपासात चरबी यकृतात साचून ते निकामी होऊ लागतं. हिरड्या किंवा कानाची आतली बाजू पिवळसर दिसली तर थांबूच नका. गोचिडी, पंज्यांच्या गाद्या आणि शेपटीच्या बुडाशी चाव्याच्या खुणा तपासून घ्या. चाव्याची भोकं बारीक असतात आणि केसांत लपतात, काही दिवसांत तिथे गळू होतं.

घरात दुसरं मांजर असेल तर ते आलेल्याला ओळखणार नाही, फिस्कारेल, अंगावरही जाईल. कारण वास बदललेला असतो. दोघांना एक-दोन दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवा. एकाच्या अंगाला घासलेला पंचा दुसऱ्याच्या अंथरुणात टाका आणि मग दाराच्या फटीतून भेट घडवा. आणि या दोन दिवसांत खिडकीची जाळी बसवणाऱ्याला बोलावून घ्या. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची नको, ती मांजर दातांनी कातरतं. बारीक चौकोनांची स्टीलची लावा, आणि खालची कड पट्टी ठोकून घट्ट करून घ्या, कारण मांजर डोकं घालतं ते तिथूनच.