जोडीतील मादी गेल्यावर कबुतराची अंडी कशी वाचवली : माझा अनुभव

कसबा पेठेतील आमच्या गच्चीवरच्या ढाबळीतून, म्हणजे कबुतरांच्या खुराड्यातून, अंड्यांवर बसलेली मादी मांजराने नेली. नर सकाळी उशिरापासून दुपार टळेपर्यंत नेहमीप्रमाणे बसत असे. परंतु संध्याकाळी, मादीच्या पाळीच्या वेळी, तो उठून जाई आणि अंडी रात्रभर उघडी पडत.

खोक्यात बल्ब लावला, तर एक अंडे तापे आणि दुसरे गारच राही. उबवणी यंत्राचा विचार सोडला, कारण पिल्लू बाहेर आले तरी पहिले काही दिवस त्याला आईबापांच्या गलपिशवीत (गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत) तयार होणारे दूधच लागते. त्या काळात जिवाची फार तगमग झाली.

शेवटी उपयोग झाला तो दत्तक जोडीचा. प्रथम अंधारात अंड्यामागे मोबाईलचा टॉर्च धरून लाल शिरांचे जाळे दिसते का, म्हणजे आत जीव आहे का, हे पाहिले. मग ज्या जोडीने एक-दोन दिवसांच्या फरकाने अंडी घातली होती आणि ज्यांच्या अंड्यांत जीव धरला नव्हता, अशी जोडी मित्राच्या ढाबळीत शोधली. तारखांचा हा मेळ सर्वांत महत्त्वाचा, कारण उबवणीच्या सुमारे १८ दिवसांच्या अखेरीस जोडीला दूध सुटते. अंड्यांवर पेन्सिलीने खूण केली, ती कापसात गुंडाळून नेली, अंधार पडल्यावर बसलेल्या पक्ष्याच्या पोटाखाली हात घालून आधी त्याची अंडी काढली आणि लगेच आमची ठेवली. दोनपेक्षा अधिक अंडी कधीही ठेवू नयेत. ऊब पुरत नाही.

दोन्ही पिल्ले निघाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या गलपिशव्या भरलेल्या बोटांना जाणवल्या.