रिव्हर्स मॉर्गेजसाठी बँकेत जाण्याआधी

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 55 वर्षांपुढच्या घरमालकाला मालमत्ता कर जड जात असेल, तर सरकार तो परस्पर भरतं, घरावर बोजा चढवतं आणि पुढे घर विकलं की व्याजासकट वसूल करतं. मुलगा-सून तिकडे असलेले आपले काका-काकू हे ऐकून आले की वॉर्ड ऑफिसात विचारतात. मुंबईत तशी सोय नाही. जवळपासचं म्हणावं तर 2007 पासून नॅशनल हाउसिंग बँकेच्या नियमांखाली चालणारं रिव्हर्स मॉर्गेज. घर तारण, हप्ते बँक तुम्हाला देणार.

मात्र आधी सोसायटीचं मेंटेनन्स बिल काढा आणि 'मालमत्ता कर' हा रकाना बघा. पालिकेचं बिल बहुधा सोसायटीच्या नावाने येतं आणि सेक्रेटरी ते सभासदांत वाटतात. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घराला 2022 पासून हा कर माफ आहे. तरीही तुमच्या नावापुढे आकडा दिसत असेल, तर कर्जाआधी सोसायटीला पत्र द्या. पाहायचा तो कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतला वापरायचा एरिया. जुन्या करारात हटकून भिंती धरून मोजलेला बिल्ट-अप लिहिलेला असतो.

कर लागतोच आहे आणि पेन्शन पुरत नाही, तर पुढची तयारी. अर्जदार साठीपुढचा हवा; नवरा-बायको मिळून अर्ज करणार असाल तर दुसऱ्याचं वय किमान 55. घर स्वतः घेतलेलं, स्वतः राहत असलेलं. पागडीची खोली यात बसत नाही, भाडं कितीही वर्षं भरलेलं असो. इमारतीचं किमान 20 वर्षं आयुष्य उरलेलं लागतं, म्हणून जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल फाइलला लावा.

खरा घोळ कागदांत. बिल्डरपासून तुमच्यापर्यंतचे सगळे करार सलग हवेत. मधल्या एखाद्याने अपुऱ्या मुद्रांकावर घर घेतलेलं असलं की वकील तिथेच बोट ठेवतो. शिवाय इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला कराराचा उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) हेही लागतं. शेअर सर्टिफिकेटच्या मागे शेवटचं नाव कोणाचं आहे ते उलटून बघा. वडिलांचंच असेल, तर बँकेआधी सोसायटीत हस्तांतरण, आणि त्याला वेळ लागतो. सोसायटीतलं नॉमिनेशन म्हणजे वारसा नव्हे. मृत्युपत्र करून नोंदवून ठेवलेलं बरं, आणि मुलांना सगळं आधीच सांगा. दोघांच्या पश्चात कर्ज फेडून घर राखायचा पहिला हक्क त्यांचाच असतो आणि घराच्या किमतीपलीकडे बँक त्यांच्याकडे मागू शकत नाही. परदेशातल्या मुलाला हे बँकेच्या पत्रातून कळलं तर घरात महाभारत ठरलेलं.

करारातलं एक कलम मात्र सावकाश वाचा. मालमत्ता कर, विमा, डागडुजी हे सगळं तुमच्याकडेच राहतं, आणि ते थकवलं तर बँक कर्ज मोडून वसुलीला लागू शकते. म्हणजे कराच्या ओझ्यापायी घेतलेलं कर्ज करच थकल्याने अंगावर यायचं. शिवाय पालिकेचा दंड महिना दोन टक्के. तेव्हा बँकेकडून येणाऱ्या हप्त्यातून कराचा वाटा आधी बाजूला. करपावतीची झेरॉक्स सोसायटीकडून दर सहामाहीला मागून घेत चला.

सोसायटीत पुनर्विकासाची कुजबुज सुरू असेल, तर माझं मत थांबावं असं आहे. घर तारण असलं की विकासकाच्या करारालाही बँकेची संमती लागते.

बँकेत जाताना मोठी शाखा गाठा. छोट्या शाखेत बऱ्याचदा गृहकर्जाचाच अर्ज पुढे सरकवतात.