काखेत कळसा: ओल्ड स्कूल रुनस्केपमध्ये लेव्हल वाढवताना या चुका टाळा

ओल्ड स्कूल रुनस्केप या ऑनलाइन खेळात विलोच्या झाडाचा एक लॉग (ओंडका) तोडला की 67.5 एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळतात. वुडकटिंग, म्हणजे लाकूडतोडीचं कौशल्य, लेव्हल 30 वरून 60 वर न्यायला लागतात 2,60,379 एक्सपी. भागाकार केला तर होतात 3,858 लॉग. इन्व्हेंटरीत (पात्राच्या पिशवीत) जागा 28, म्हणजे 138 फेऱ्या.

हे गणित मी मांडलं तोवर माझी लेव्हल 47 झाली होती. तोपर्यंत मी पोर्ट सरिम या बंदरात विलो तोडत होतो आणि लॉग ठेवायला ड्रेनॉर गावातल्या बँकेपर्यंत चालत जात होतो. ड्रेनॉरच्या बँकेला लागूनच, पाण्याच्या कडेला विलोची झाडं आहेत. मी रोज त्यांच्या शेजारून जायचो. वर पोर्ट सरिमच्या धक्क्यावर डिपॉझिट बॉक्स आहे, त्यात टाकलेला माल थेट बँकेत जमा होतो, हेही मला ठाऊक नव्हतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो असा. एका फेरीत नुसती दोन मिनिटं वाया गेली असं धरलं तरी 138 फेऱ्यांचे 4 तास 36 मिनिटं होतात.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा रुनस्केप 2001 मध्ये सुरू झाला. पुढे तो इतका बदलला की जुन्या खेळाडूंच्या मागणीवरून ऑगस्ट 2007 ची प्रत शोधून काढून 22 फेब्रुवारी 2013 ला ती वेगळा खेळ म्हणून सुरू केली. हाच ओल्ड स्कूल. 2018 च्या ऑक्टोबरपासून तो मोबाईलवरही चालतो, आणि साध्या फोनवरही चालतो. पैसे न भरताही बराच खेळता येतो. खाली जे लिहिलंय ते बहुतेक त्या फुकटच्या भागातलंच आहे, कारण नवशिक्या चुका तिथेच होतात.

काय हवंय ते न ठरवता कुऱ्हाड उचलणं

माझ्या मते सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. झाड तोडण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: मला एक्सपी हवेत की माल? दोन्हीच्या जागा वेगळ्या, झाडं वेगळी, सवयीही वेगळ्या.

एक्सपी हवे असतील तर माल टाकून द्यायचा. नव्या माणसाच्या जिवावर येतं हे. आपण कष्टाने तोडलेलं लाकूड जमिनीवर फेकायचं? हो, फेकायचं. कॉम्प्युटरवर सेटिंगमध्ये शिफ्ट धरून क्लिक केल्यावर वस्तू टाकण्याची सोय आहे, मोबाईलवर टॅप करून टाकण्याचं बटण आहे. 28 लॉग काही सेकंदांत रिकामे होतात आणि तुम्ही झाडापासून हलतसुद्धा नाही.

अगदीच जीव होत नसेल तर जाळा. विलो तोडून 67.5 एक्सपी मिळतात, तोच लॉग पेटवला तर फायरमेकिंगमध्ये (आग पेटवण्याच्या कौशल्यात) 90 मिळतात, लेव्हल मात्र 30 लागते. यातली खोच अशी की एक शेकोटी पेटली की तुमचं पात्र एक चौकोन पश्चिमेला सरकतं. म्हणून सुरुवात मोकळ्या जागेच्या पूर्व टोकाकडून करायची. पश्चिमेला भिंत असलेल्या जागी उभं राहून "पेटत का नाही" म्हणून वैतागणारे मी रोज पाहतो.

माल हवा असेल तर बँक जवळ हवी, आणि मग एक्सपी कमी मिळाले तर कुरकुर करायची नाही. यू हे झाड 60 ला उघडतं आणि एका लॉगला 175 एक्सपी देतं. आकडा पाहून लोक 60 होताच यूकडे धावतात. पण यू तुटायला फार वेळ घेतो. त्या लेव्हलला ताशी हिशोब केला तर विलोच पुढे असतो. यू पैशासाठी, विलो लेव्हलसाठी.

खाणीतही तेच. कोळशाला 50 एक्सपी, लोखंडाला 35. तरीही एक्सपीसाठी लोखंडच, कारण लोखंडाचा दगड काही सेकंदांत पुन्हा भरतो आणि कोळशाची वाट पाहत उभं राहावं लागतं. अल खरीदच्या खाणीत तीन लोखंडी दगडांच्या मधोमध उभं राहता येतं अशी जागा आहे. फक्त तिथले 14 लेव्हलचे विंचू लक्षात ठेवा. आपली कॉम्बॅट (लढाईची) लेव्हल एखाद्या प्राण्याच्या दुपटीच्या वर गेली की तो आपणहून अंगावर येत नाही, म्हणजे या विंचवांसाठी 29. त्याआधी गेलात तर खायला काहीतरी जवळ ठेवा.

अवजार जुनंच ठेवणं

स्टीलची कुऱ्हाड 6 ला, मिथ्रिल 21 ला, ॲडमंट 31 ला आणि रून 41 ला वापरता येते. कुदळीचेही हेच आकडे. कितीतरी जण 35 लेव्हलला स्टीलवर अडकलेले असतात, कारण मिथ्रिलची कुऱ्हाड हातात धरून पाहिली तर खेळ अटॅक (हल्ल्याच्या कौशल्याची) लेव्हल मागतो आणि ते समजतात, आपल्याला जमणार नाही. हातात धरायला अटॅक लागतो, तोडायला नाही. इन्व्हेंटरीत ठेवा, चालते. एक जागा जाईल, 28 ऐवजी 27 लॉग मावतील, एवढाच तोटा.

चिलखत घालून खाणीत उतरणं

दिसायला रुबाबदार. पण धावण्याची ऊर्जा वजनावर संपते. लोखंडाच्या एका तुकड्याचं वजन सव्वादोन किलोच्या वर, 28 तुकडे म्हणजे सुमारे 63 किलो. त्यात प्लेटबॉडी (छातीचं चिलखत) आणि ढाल कशाला? बँकेत ठेवा.

क्वेस्टला कंटाळणं

मी सुरुवातीला क्वेस्ट, म्हणजे खेळातल्या कामगिऱ्या, वेळखाऊ गोष्टी समजत होतो. निरोप पोचव, पाई आण, कुणाचं तरी ऐकून घे. मग स्मिथिंग (लोहारकाम) वाढवायला लोखंड वितळवत बसलो. लोखंडाची गंमत अशी की भट्टीत अर्धा माल वायाच जातो, यशाची शक्यता 50 टक्के. एका कांबीला 12.5 एक्सपी.

नाइट्स सोर्ड नावाची क्वेस्ट एका झटक्यात 12,725 स्मिथिंग एक्सपी देते. लेव्हल 1 असेल तर थेट 29. एवढे एक्सपी नुसतं लोखंड वितळवून मिळवायचे तर 1,018 कांब्या, आणि निम्मं वाया जाणार हे धरून दोन हजारांवर खनिज. ही क्वेस्ट फॅलाडोरच्या किल्ल्यातल्या स्क्वायरकडून सुरू होते, मायनिंग 10 लागतं, एक रेडबेरी पाई आणि लोखंडाच्या दोन कांब्या लागतात. अडचण एकच: या क्वेस्टसाठी लागणारं ब्लुराइट खनिज पोर्ट सरिमच्या दक्षिणेकडच्या बर्फाच्या गुहेत आहे आणि तिथे आइस जायंट, आइस वॉरियर दिसेल त्याच्यावर तुटून पडतात. लढायचं नाही. जेवण भरून घ्यायचं आणि धावत आत, खोदायचं, धावत बाहेर. कुदळ विसरू नका. गुहेच्या टोकाला पोचून कुदळ बँकेत राहिल्याचं लक्षात येणं ही या क्वेस्टची जवळजवळ परंपराच आहे, आणि मीही ती पाळली.

पैसे भरून घेतलेलं सभासदत्व असेल तर वॉटरफॉल क्वेस्ट आधी करा. अटॅक आणि स्ट्रेंग्थ दोन्हींत 13,750 एक्सपी मिळतात, म्हणजे 1 वरून 30. कोंबड्या आणि गाई मारण्यात जाणारे कितीतरी तास वाचतात.

ग्रँड एक्सचेंज माल घेत नाही

ही चूक नाही, नियम आहे, पण गोंधळ याचाच सर्वात जास्त होतो. फुकट खेळणाऱ्या नव्या खात्याला लॉग, खनिज, कच्चे मासे यांसारख्या बऱ्याच गोष्टी ग्रँड एक्सचेंजवर (खेळाडूंच्या बाजारात) विकता येत नाहीत. तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: 20 तास खेळलेले, 10 क्वेस्ट पॉइंट आणि एकूण लेव्हल 100. बॉट (आपोआप खेळणारे प्रोग्राम) चालवून माल विकणाऱ्यांना आवर घालायला हे केलेलं आहे. मग नवखा माणूस चिडून सगळं जनरल स्टोअरला कवडीमोलाने देऊन टाकतो. देऊ नका. माल बँकेत साठवा आणि तोवर लहान क्वेस्ट उरका, दहा पॉइंट आपोआप होतात.

खंदकापलीकडचा मोह

एजव्हिल आणि व्हॅरॉकच्या उत्तरेला एक खंदक आहे. त्यापलीकडे वाइल्डरनेस. तिथे दुसरे खेळाडू तुम्हाला मारू शकतात. आत जितकं खोल जाल तितक्या लेव्हलच्या फरकाचे लोक हल्ला करू शकतात: 5 व्या पातळीवर तुमच्यापेक्षा पाच लेव्हल वरखालचे, 40 व्या पातळीवर चाळीस. बाकी जगात मेलात तर तुमच्या सामानाची कबर 15 मिनिटं उभी राहते, परत येऊन घेता येतं. इथे तसं नाही. सर्वात महागड्या तीन वस्तू राहतात, उरलेलं मारणाऱ्याचं. तुम्ही आधी कुणावर हात उचलला असेल तर डोक्यावर कवटी येते आणि त्या तीनही जातात.

मी गेलो रुनाइट या खनिजासाठी. फुकटच्या जगात रुनाइटचे दगड वाइल्डरनेसमध्ये खूप आत, 46 व्या पातळीवर आहेत. एक तुकडा हाती लागला. त्या आनंदात मी अंगावर काय काय घातलंय हे विसरलो. गेलेल्या वस्तूंची यादी देत नाही, पण त्यानंतरचे दोन आठवडे पुन्हा विलोखाली गेले. जायचंच असेल तर कुदळ आणि जेवण एवढंच घेऊन जा. गेलं तर गेलं.

आमिष दाखवून खंदकापलीकडे नेणारेही भेटतात. "चल, तुला एक जागा दाखवतो" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाबरोबर आपण खऱ्या आयुष्यात जात नाही, तर इथे का? ग्रँड एक्सचेंजजवळ "पैसे दुप्पट करून देतो" असं ओरडणारे, चिलखताला सोनेरी काठ लावून देणारे, हे सगळे एकाच माळेचे मणी. दुसऱ्याच्या चिलखताला काठ लावण्याची सोय खेळात कुणाकडेच नाही. देवघेवीत दुसरा पडदा येतो, तो वाचूनच होकार द्या, कारण पहिल्या पडद्यावर दिसलेली वस्तू शेवटच्या क्षणी बदललेली असू शकते. बँकेला चार आकडी पिन आणि खात्याला ऑथेंटिकेटर (लॉगिनसाठी दुसरा कोड देणारं ॲप) पहिल्याच दिवशी लावा.

पिंग जास्त आहे म्हणून सोडून देणं

आपल्याकडून खेळताना सर्व्हर दूर पडतो आणि पिंगचा (क्लिक सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा) आकडा पाहून बरेच जण नाउमेद होतात. हा खेळ 0.6 सेकंदाच्या ठोक्यावर, म्हणजे टिकवर, चालतो. झाड तोडताना लॉग मिळतो की नाही याचा फासा दर चार टिकला, म्हणजे 2.4 सेकंदांनी पडतो. तुमचा क्लिक पाव सेकंद उशिरा पोचला तर लाकडाला काही फरक पडत नाही. मोठ्या लढाईत प्रार्थना (संरक्षण देणारी शक्ती) बदलताना तो जाणवतो, ते खरं. पण 40 लेव्हलच्या माणसाने त्याची काळजी आत्ता करू नये.

99 चा अर्धा रस्ता 50 समजणं

यावर फार लिहीत नाही. 99 ला 1,30,34,431 एक्सपी लागतात आणि त्याचा अर्धा टप्पा 92 ला येतो. 50 ला तुम्ही 1,01,333 वर असता, शंभरातला एकही भाग झालेला नसतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत 99 करतो म्हणणाऱ्या भाच्याला मी हा तक्ता दाखवला, तर तो म्हणाला, "मामा, मग तू इतकी वर्षं काय करतोयस?"

जायचं भाडं घेऊन निघणं

लॉबस्टर मासेमारीच्या 40 लेव्हलला धरता येतात आणि ते करामजा बेटावर मिळतात. पोर्ट सरिमहून बोटीचं भाडं 30 नाणी. मी नेमकी 30 नाणी घेऊन गेलो. इन्व्हेंटरी भरली, धक्क्यावर आलो, तर कस्टम्स अधिकारी परतीचे 30 मागतोय. फुकटचा होम टेलिपोर्ट मंत्र लंब्रिज गावात सोडतो, पण तो दर अर्ध्या तासाला एकदाच, आणि माझा मी नुकताच वापरला होता.

शेवटी केळीच्या मळ्यावर गेलो. तिथला लुथास खोकं भरून 10 केळी दिली की 30 नाणी मजुरी देतो. केळींना जागा हवी म्हणून 10 लॉबस्टर जमिनीवर ठेवले, केळी तोडली, खोकं भरलं, नाणी घेतली आणि परत आलो. टाकलेली वस्तू मिनिटभराने इतरांनाही दिसायला लागते. एक खेळाडू माझे लॉबस्टर उचलून बोटीकडे चालला होता. त्याच्याकडे परतीचं भाडं होतं.